शिट्टी हाती येण्यापूर्वी : फुटबॉल पंचांची नियमपरीक्षा आणि शालेय मैदाने

बेंगळुरूच्या श्री कंठीरवा स्टेडियमवर ३ मार्च २०२३ रोजी झालेला इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना खेळापेक्षा एका नियमामुळे देशभर गाजला. बेंगळुरू एफसी आणि केरळ ब्लास्टर्स या संघांत निर्धारित वेळेत गोल झाला नाही आणि सामना जादा वेळेत गेला. त्या वेळेत बेंगळुरूला फ्री किक मिळाली. केरळचे खेळाडू बचावासाठी पुरते सज्ज होण्यापूर्वीच सुनील छेत्री यांनी शिट्टीची वाट न पाहता चेंडू जाळ्यात धाडला आणि पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल ग्राह्य धरला. निषेध म्हणून केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी आपला संघ मैदानाबाहेर नेला. तो परतला नाही आणि बेंगळुरू संघाला विजयी घोषित करण्यात आले. पुढे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने केरळ ब्लास्टर्सला ४ कोटी रुपये दंड केला. प्रशिक्षकांवर १० सामन्यांची बंदी आणि ५ लाख रुपयांचा दंड अशी कारवाई झाली.

एवढे रामायण ज्या प्रश्नावरून घडले तो प्रश्न पंचांच्या नियमपरीक्षेत अगदी प्राथमिक पातळीवर विचारला जातो. फ्री किक घेण्यासाठी शिट्टी आवश्यक असते काय? नियमपुस्तकाचे उत्तर असे की, बहुतेक वेळा नसते. ज्या संघाविरुद्ध आगळीक झाली त्या संघाला खेळ त्वरित सुरू करण्याचा हक्क आहे. मात्र प्रतिस्पर्ध्यांना ९.१५ मीटर अंतरावर उभे करावे लागणार असेल, किंवा पंच कार्ड दाखविण्यासाठी अथवा जखमी खेळाडूसाठी खेळ थांबवून असतील, तर शिट्टी वाजेपर्यंत थांबणे बंधनकारक ठरते. शिट्टी आणि भिंत दोन्ही नको असल्याचे आपण पंचांना आधीच सांगितले होते, असे छेत्री यांनी सामन्यानंतर स्पष्ट केले. पंचांनी ती किक थांबवावयास हवी होती, असे केरळ संघाचे म्हणणे होते. म्हणजे दोन्ही बाजूंचा वाद एकाच नियमाच्या दोन भागांवर होता.

कंठीरवावर कॅमेरे होते, शिस्तपालन समिती होती, दाद मागण्याची सोय होती. त्याच शहरातील एखाद्या शाळेच्या मैदानावर असा प्रसंग उद्भवला तर यांपैकी काहीही उपलब्ध नसते. तेथे एक पंच असतो आणि त्याचा निर्णय अंतिम असतो. त्या एका व्यक्तीला नियम ठाऊक आहेत की नाहीत, याची खात्री कशी केली जाते आणि ती शालेय मैदानापर्यंत कितपत पोहोचते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

सतरा नियम आणि त्यांचे राखणदार

फुटबॉलचे नियम एकूण १७ आहेत. मैदान, चेंडू, खेळाडूंची संख्या, पोशाख, पंच, सहाय्यक पंच, वेळ, खेळाची सुरुवात, ऑफसाइड, आगळीक, फ्री किक, पेनल्टी किक, थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नर किक असे विषय त्यांत येतात. हे नियम फिफा एकटी ठरवीत नाही. तो अधिकार १८८६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड या मंडळाकडे आहे. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या संघटनांना या मंडळात प्रत्येकी एक मत आहे. १९१३ मध्ये सहभागी झालेल्या फिफाकडे चार मते आहेत. नियम बदलण्यासाठी आठपैकी सहा मते लागतात.

आज मैदानाच्या मध्यभागी धावणारा पंच आरंभी तेथे नव्हता. प्रत्येक संघ आपला एकेक मध्यस्थ उभा करीत असे आणि दोघांत मतभेद झाला तरच बाहेर बसलेल्या पंचाकडे विचारणा होई. १८९१ मध्ये पंचाला मैदानात आणून सर्वाधिकार देण्यात आले. पेनल्टी किकचा नियमही त्याच वर्षीचा. निर्णय एका माणसाच्या हाती सोपविला की त्या माणसाची पात्रता तपासणे ओघाने येते. पंचांच्या परीक्षेचे मूळ या बदलात आहे.

परीक्षेचे स्वरूप

भारतात पंच होऊ इच्छिणाऱ्याला आपल्या राज्याच्या फुटबॉल संघटनेकडून सुरुवात करावी लागते. बेंगळुरूतील उमेदवारासाठी ती कर्नाटक राज्य फुटबॉल संघटना होय. तिचा कारभार अशोकनगर भागातील फुटबॉल स्टेडियममधून चालतो. बेळगावचा मराठी भाषक तरुणही याच संघटनेच्या कक्षेत येतो. सीमेपलीकडचा कोल्हापूरचा उमेदवार मात्र महाराष्ट्राचे काम पाहणाऱ्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे जातो. राज्य पातळीवरील श्रेणी ओलांडल्यानंतर महासंघाच्या राष्ट्रीय श्रेणीची परीक्षा देता येते. त्यापुढची पायरी फिफाच्या यादीची. तिच्यासाठी पंचाचे वय किमान २५ आणि सहाय्यक पंचाचे किमान २३ असावे लागते. ही यादी एका वर्षापुरती असते आणि दरवर्षी नव्याने तयार केली जाते.

परीक्षेची अंगे साधारणपणे तीन असतात. पहिले नियमांच्या ज्ञानाचे. यात लेखी प्रश्नपत्रिका असते आणि तिच्या जोडीला तोंडी प्रश्न किंवा सामन्यांच्या चित्रफितींवरील प्रश्न येतात. दुसरे शारीरिक क्षमतेचे. आंतरराष्ट्रीय पातळीवरील पुरुष पंचांच्या चाचणीत ४० मीटरच्या सहा वेगवान धावा असतात. त्यानंतर ७५ मीटर धावणे आणि २५ मीटर चालणे यांची ४० आवर्तने, म्हणजे एकूण ४ किलोमीटरचे अंतर, ठरावीक वेळेत पूर्ण करावे लागते. तिसरे अंग प्रत्यक्ष सामन्याचे. उमेदवार सामना हाताळीत असताना अनुभवी निरीक्षक त्याचे उभे राहण्याचे स्थान, इशारे आणि खेळाडूंशी वागणे तपासतात.

यांपैकी धावण्याची तयारी दिसून येते. नियमांची तयारी दिसत नाही, आणि बहुतेक उमेदवार तिलाच कमी लेखतात. अनेक वर्षे फुटबॉल खेळलेल्या माणसाला आपल्याला नियम येतातच असे वाटते. प्रश्नपत्रिका हा समज लवकर दूर करते.

एका प्रश्नाची तीन उत्तरे

नियमपरीक्षेतील प्रश्न सहसा ‘अमुक नियम सांगा’ असा नसतो. एक प्रसंग दिला जातो आणि पंच काय करील ते विचारले जाते. पूर्ण उत्तराला तीन भाग असतात. आगळीक झाली काय? झाली असल्यास संबंधित खेळाडूला कोणती शिक्षा? आणि खेळ पुन्हा कसा व कोठून सुरू होईल? पहिली दोन उत्तरे खेळ जाणणाऱ्या प्रेक्षकालाही बहुधा देता येतात. उमेदवारांची खरी कसोटी तिसऱ्या उत्तरावर लागते.

तिसरे उत्तर चुकले तर काय होते, याचे उदाहरण विश्वचषकाच्या पात्रता फेरीत घडले आहे. सप्टेंबर २००५ मध्ये ताश्कंद येथे उझबेकिस्तान आणि बहरीन यांच्यातील सामन्यात उझबेकिस्तानला पेनल्टी किक मिळाली व गोल झाला. परंतु किक घेतली जाण्यापूर्वीच उझबेकिस्तानचा एक खेळाडू पेनल्टी क्षेत्रात शिरला होता. तेव्हाच्या नियमानुसार अशा वेळी किक पुन्हा घ्यावयास हवी होती. पंचांनी त्याऐवजी बहरीनला अप्रत्यक्ष फ्री किक दिली. उझबेकिस्तानने तो सामना १-० असा जिंकला, तरी पंचांची चूक नियमाची असल्याचे मान्य करून फिफाने निकाल रद्द केला आणि सामना पुन्हा खेळविला. फेरसामना १-१ असा सुटला. बहरीनमधील परतीचा सामना गोलशून्य राहिला आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेल्या गोलच्या आधारे बहरीन पुढे गेला. जिंकलेला संघच स्पर्धेबाहेर पडला.

पंचाच्या चुका दोन प्रकारच्या असतात, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते. खेळाडू ऑफसाइड होता की नव्हता, धक्का जाणूनबुजून दिला की नाही, ही पारख असते. तीत चूक होऊ शकते आणि फुटबॉल ती पोटात घालते. आगळीक बरोबर हेरून तिच्यावरील उपाय चुकीचा देणे ही मात्र नियमाची चूक ठरते. पारख अनुभवाने सुधारते. नियमाची चूक अभ्यासाने पूर्णपणे टाळता येते, आणि लेखी परीक्षा नेमकी ती टाळण्यासाठी आहे.

मैदानावर घडणारे प्रश्न

नियमपुस्तकातील काही तरतुदी वाचताना त्या भारतीय मैदाने पाहूनच लिहिल्या असाव्यात असे वाटते. एकाच मोठ्या मैदानावर शेजारी शेजारी दोन सामने सुरू आहेत आणि पलीकडचा चेंडू या सामन्यात घरंगळत आला, अशी कल्पना करावी. त्या चेंडूने खेळात अडथळा येत नसेल तर खेळ सुरू ठेवून तो बाहेर काढण्याची व्यवस्था करावी. अडथळा आला असेल तर खेळ थांबवून ‘ड्रॉप बॉल’ने पुन्हा सुरू करावा. मैदानात शिरलेल्या कुत्र्यालाही हाच नियम लागू होतो.

दुसरा प्रसंग शिट्टीचा. शेजारच्या सामन्याच्या पंचाने किंवा एखाद्या प्रेक्षकाने शिट्टी वाजविली आणि ती आपल्याच पंचाची समजून बचावपटूने पेनल्टी क्षेत्रात चेंडू हातात उचलला. ही पेनल्टी नव्हे. बाहेरच्या शिट्टीमुळे खेळात व्यत्यय आला असल्यास खेळ थांबवून ‘ड्रॉप बॉल’ द्यावयाचा असतो. नियम ठाऊक नसलेला पंच येथे पेनल्टी देईल आणि शेजारच्या मैदानावरील शिट्टीमुळे एखाद्या शाळेचा संघ स्पर्धेतून बाद होईल.

तिसरा प्रश्न बुटाचा. आक्रमकाचा बूट निसटला आणि त्याने त्याच पायाने गोल केला, तर तो ग्राह्य धरावा काय? बूट अनवधानाने निघाला असल्यास गोल ग्राह्य धरावा, असे चौथा नियम सांगतो. मात्र चेंडू मैदानाबाहेर जाताच किंवा त्यापूर्वीच खेळाडूने बूट पुन्हा घातला पाहिजे. बेंगळुरूच्या फुटबॉलप्रेमींना या प्रश्नात इतिहासाचीही आठवण होते. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सविरुद्ध खेळलेल्या भारतीय संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी होते. त्या सामन्यात ऑलिम्पिकमधील भारताचा पहिला गोल करणारे सारंगपाणी रामन हे बेंगळुरूचेच. आजच्या नियमानुसार पादत्राणे हा खेळाडूच्या पोशाखाचा अनिवार्य भाग आहे. त्यामुळे अनवाणी खेळाडूला सामना सुरू करू देता येत नाही.

आणखी काही प्रश्न वरवर सोपे वाटतात. थ्रो-इनवरून चेंडू कोणालाही न लागता थेट प्रतिस्पर्ध्याच्या गोलमध्ये गेला, तर गोल होत नाही, गोल किक मिळते. तोच चेंडू थेट स्वतःच्या गोलमध्ये गेला, तर कॉर्नर किक मिळते. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नर किक यांवरून थेट चेंडू मिळविणारा खेळाडू ऑफसाइड ठरत नाही. एखाद्या संघात सातपेक्षा कमी खेळाडू उरले तर सामना सुरू करता येत नाही आणि पुढे चालूही ठेवता येत नाही. साखळी, अंगठी, कानातले, कडे असे दागिने घालून खेळता येत नाही आणि त्यांवर चिकटपट्टी लावून खेळण्याचीही मुभा नाही. शालेय सामन्यात ही शेवटची बाब विशेष मोलाची आहे, कारण कानातल्या डुलात बोट अडकून होणारी इजा खेळातल्या धडकेपेक्षा गंभीर ठरू शकते.

तीन शब्दांतील अंतर

परीक्षेतील सर्वांत कठीण भाग बहुधा आगळिकीच्या तीव्रतेचा असतो. नियमपुस्तकाने त्यासाठी तीन पायऱ्या ठरविल्या आहेत. खेळाडूने पुरेसे लक्ष न देता किंवा खबरदारी न घेता प्रतिस्पर्ध्याला पाडले, तर तो निष्काळजीपणा. त्यावर फक्त फ्री किक दिली जाते, कार्ड दाखविले जात नाही. समोरच्याला होणाऱ्या धोक्याची पर्वा न करता तो चेंडूवर गेला, तर ती बेदरकारी आणि तिला पिवळे कार्ड. आवश्यकतेपेक्षा अधिक बळ वापरून प्रतिस्पर्ध्याची सुरक्षितता धोक्यात आणली, तर लाल कार्ड.

हे तीन शब्द मूळ इंग्रजी पुस्तकातून येतात. नियमपुस्तक इंग्रजी, फ्रेंच, जर्मन व स्पॅनिश भाषांत प्रसिद्ध होते आणि अर्थाबाबत मतभेद झाल्यास इंग्रजी पाठ प्रमाण मानला जातो. बेंगळुरूत कन्नड, तमिळ, उर्दू, मराठी, मल्याळम अशा अनेक भाषा बोलणारी मुले एकाच संघात खेळतात, आणि पंचांची पार्श्वभूमीही तशीच विविध असते. ज्याने खेळ गल्लीत आणि मैदानावर आत्मसात केला त्याला बेदरकार टॅकल डोळ्यांनी लगेच ओळखता येते, परंतु परकीय भाषेतील वाक्यात ती ओळखणे अवघड जाते. चित्रफितींवर आधारित प्रश्नांचा उपयोग येथे होतो. त्यांत भाषेपेक्षा नजरेची परीक्षा अधिक असते.

कार्डांची पद्धत ही भाषेच्या याच अडचणीतून आली. इंग्लंडचे केन ॲस्टन पेशाने शिक्षक होते आणि विश्वचषक सामन्यांतील पंचही होते. वेगळी भाषा बोलणाऱ्या खेळाडूला ताकीद मिळाल्याचे कळावे तरी कसे, या प्रश्नाचे उत्तर त्यांना रस्त्यावरील वाहतूक दिव्यांत सापडले. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात पिवळे व लाल कार्ड प्रथम वापरात आले. आज जगभरातील प्रत्येक पंचाच्या खिशात असलेली ही साधने एका शाळामास्तरांची देणगी आहे.

दरवर्षी नवा अभ्यास

एकदा उत्तीर्ण झालो की काम संपले, असे पंचाला म्हणता येत नाही. नियमांतील बदल सर्वसाधारणपणे दरवर्षी १ जुलैपासून लागू होतात. २०१६ मध्ये नियमपुस्तकाची मोठी फेरमांडणी झाली आणि मध्यावरून सुरू होणारी पहिली किक कोणत्याही दिशेला मारण्याची मुभा मिळाली. २०१९ मध्ये गोल किकचा नियम बदलला. पूर्वी चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाईपर्यंत तो खेळात आला असे मानले जात नसे. आता किक मारताच आणि चेंडू स्पष्टपणे हलताच तो खेळात येतो. पंचाला लागून थेट गोलमध्ये गेलेला चेंडूही २०१९ पूर्वी गोल ठरत असे. त्यानंतर अशा वेळी ‘ड्रॉप बॉल’ दिला जातो.

अलीकडचा मोठा बदल १ जुलै २०२५ पासूनचा आहे. गोलरक्षकाने चेंडू हातात सहा सेकंदांपेक्षा अधिक वेळ ठेवला तर प्रतिस्पर्ध्याला अप्रत्यक्ष फ्री किक द्यावी, असा नियम पूर्वी होता. तो पुस्तकात असूनही क्वचितच अमलात येई. आता ही मर्यादा आठ सेकंदांची आहे, शेवटचे पाच सेकंद पंच हात उंचावून मोजतो आणि उल्लंघन झाल्यास कॉर्नर किक देतो.

दहा वर्षांपूर्वी नियम शिकून थांबलेल्या पंचाने आज सामना हाताळला, तर त्याचे निर्णय आत्मविश्वासपूर्ण असतील आणि त्यांतील काही चुकीचे असतील. प्रेक्षकाला हा फरक कळत नाही. खेळणाऱ्या मुलाला तर मुळीच कळत नाही. पंच जे सांगतील तोच नियम, असे धरून ते मूल पुढे जाते.

शालेय मैदानाचे वेगळेपण

भारतातील शालेय फुटबॉलची सर्वांत नामांकित स्पर्धा म्हणजे सुब्रतो चषक. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने १९६० पासून ती भरविली जाते. दिल्ली हे तिचे परंपरागत केंद्र असले तरी २०२३ मध्ये सब-ज्युनियर मुलांच्या गटाचे सामने बेंगळुरूत झाले. अशा स्पर्धांच्या अंतिम टप्प्यात नोंदणीकृत पंच असतात. परंतु तेथवर पोहोचण्याचा मार्ग शाळा, तालुका आणि जिल्हा पातळीवरील असंख्य सामन्यांतून जातो. त्या पातळीवर शिट्टी अनेकदा शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांच्या हाती असते. कर्नाटकात हे चित्र दिसते, तसेच महाराष्ट्रातही दिसते.

शालेय सामन्यांच्या पंचांसाठी भारतात स्वतंत्र नियमपरीक्षा नाही. ज्याला पात्रता मिळवायची आहे तो राज्य संघटनेचीच परीक्षा देतो. अमेरिकेत रचना निराळी आहे. तेथील माध्यमिक शाळांच्या क्रीडासंघटनांच्या राष्ट्रीय महासंघाकडून विविध खेळांची शालेय नियमपुस्तके आणि त्यांवरील प्रश्नपत्रिका तयार केल्या जातात. राज्य संघटना त्या वापरतात आणि शालेय सामन्यांचे पंच म्हणून नोंदणी करणाऱ्यांना नियमांची परीक्षा द्यावी लागते. अनेक राज्यांत ती नियमपुस्तक उघडे ठेवून देता येते. त्यामागील विचार समजून घेण्याजोगा आहे. पंचाने पुस्तक पाठ करावे यापेक्षा ते दरवर्षी एकदा तरी बारकाईने उघडावे, ही अपेक्षा तेथे आहे.

शालेय फुटबॉलला स्वतंत्र अभ्यासाची गरज आणखी एका कारणाने आहे. मुलांचे, प्रौढांचे आणि दिव्यांगांचे सामने तसेच तळागाळातील फुटबॉल यांसाठी नियमांत काही बदल करण्याची मोकळीक नियमपुस्तकानेच दिली आहे. मैदानाचा आकार, चेंडूचे माप व वजन, गोलची रुंदी, सामन्याची वेळ आणि बदली खेळाडूला पुन्हा मैदानात येऊ देणे या बाबी आयोजकांना ठरविता येतात. पिवळ्या कार्डाच्या आगळिकीबद्दल खेळाडूला काही मिनिटे बाहेर बसविण्याचीही तरतूद आहे. ९० मिनिटांच्या सामन्यात हा काळ साधारण १० मिनिटांचा असतो. पुढच्या सामन्यावरील बंदीपेक्षा ही शिक्षा लहान मुलांना अधिक समजते, कारण चुकीचा परिणाम त्याच सामन्यात दिसतो. परंतु ही मोकळीक आहे हे ठाऊक असणारा पंच आणि आयोजक असेल तरच तिचा उपयोग.

सुरक्षिततेचा मुद्दा तर सर्वांत वरचा. डोक्याला मार लागलेला मुलगा उठून उभा राहिला आणि ‘मी ठीक आहे’ म्हणाला, तरी त्याचे ऐकावयाचे नसते. गंभीर इजेची शंका येताच खेळ थांबविणे हे पंचाचे कर्तव्य पाचव्या नियमात नमूद आहे. विजांचा कडकडाट सुरू झाल्यास, पाऊस किंवा अंधार यांमुळे खेळ धोकादायक बनल्यास सामना स्थगित करण्याचा अधिकारही पंचालाच आहे. पावसाळ्यात ढगांच्या गडगडाटात भरणाऱ्या आंतरशालेय सामन्यांत या अधिकाराची जाण असणे गोलच्या निर्णयाहून महत्त्वाचे ठरते.

परीक्षेला काय साधत नाही

नियमपरीक्षेत उत्तम गुण मिळविणारा प्रत्येक जण उत्तम पंच होतो असे नाही. धावत असताना, घामाने डोळे चुरचुरत असताना आणि दोन्ही बाजूंनी ओरडा सुरू असताना अर्ध्या क्षणात निर्णय घेणे हे कागदावर तपासता येत नाही. स्वतःच्या शाळेच्या सामन्यात शिट्टी हाती घेतलेल्या शिक्षकाचा निःपक्षपातीपणाही प्रश्नपत्रिका मोजू शकत नाही. पालकांची आरडाओरड, प्रशिक्षकांचे टोमणे आणि तुटपुंजे मानधन यांमुळे नवे पंच लवकर कंटाळतात, ही तक्रार जगभर ऐकू येते. इंग्लंडमध्ये तर २०२३ मध्ये तळागाळातील सामन्यांच्या पंचांना अंगावर कॅमेरे लावून संरक्षण देण्याचा प्रयोग सुरू करावा लागला.

तरीही परीक्षेमुळे पंचाला एक आधार लाभतो. ‘मला असे वाटले’ आणि ‘नियम असा आहे’ या दोन उत्तरांत फरक आहे. पहिल्या उत्तरावर वाद वाढतो, तर दुसऱ्यावर तो बहुधा शमतो. नियम नेमका ठाऊक असलेला विशीतील तरुण पंच पन्नाशीच्या प्रशिक्षकासमोर ठाम उभा राहू शकतो.

या वाटेने दूरवर गेलेल्यांची उदाहरणे देशात आहेत. तमिळनाडूचे के. शंकर यांनी २००२ च्या विश्वचषकात सहाय्यक पंच म्हणून काम केले. गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ मध्ये जॉर्डन येथे झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहाय्यक पंच होत्या. अशा प्रत्येकाला आधी लहान मैदाने आणि राज्य पातळीवरील परीक्षा पार कराव्या लागतात.

बेंगळुरूला फुटबॉलची कमतरता नाही. १९३७ मध्ये मुंबईची रोव्हर्स स्पर्धा जिंकणारा बेंगलोर मुस्लिम्स हा संघ याच शहराचा. गौतमपुरासारख्या वस्तीत पेलेचा पुतळा उभा आहे. कंठीरवावरील त्या वादळी सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ मार्च २०२३ रोजी, कर्नाटकाने रियाध येथे मेघालयाला ३-२ असे हरवून ५४ वर्षांनी संतोष चषक जिंकला. खेळाडू घडविणाऱ्या शहराने पंचही घडवावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही.

त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. नियमपुस्तक इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. शैक्षणिक वर्ष आणि नियमांचे वर्ष यांचा आरंभही जवळपास एकाच सुमारास होतो. शालेय स्पर्धा सुरू होण्यापूर्वी त्या वर्षीच्या बदलांची उजळणी आणि वीस-पंचवीस प्रसंगांची एक प्रश्नपत्रिका एवढे केले, तरी शिट्टी हाती घेणाऱ्या शिक्षकाची तयारी बदलून जाईल. बहुतेक मुले व्यावसायिक फुटबॉलपटू होणार नाहीत. आपल्याला न पटणारा निर्णयही नियमाला धरून असू शकतो, हे मात्र ती सर्व मुले आयुष्यात प्रथम शाळेच्या मैदानावरच शिकतात. तो निर्णय देणाऱ्याला नियम ठाऊक असावेत, इतके तर त्यांचे देणे लागते.